आधी बातमी, मग बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. गच्च्यांवर बायकापोरं, खाली ढोलताशे, आणि त्या गर्दीतून वाट काढत काळी मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारा पुतळा, येते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते आणि "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी सगळ्या गल्लीतून उठते. सोबत बडगे असतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळलं त्याचा पुतळा. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, दहशतवादाचा. गळ्यात पाटी, पाटीवर चार ओळी. नागपूरबाहेरच्या वाचकांनी असं समजावं की ही रस्त्यावरून चालणारी व्यंगचित्रं आहेत.

एका वर्षी माझ्या बाजूला एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. मुलगा प्रत्येक बडग्याकडे बोट दाखवून विचारत होता, "बाबा, याले काहून बनवलं?" पहिल्या दोघांचं बापाने सांगितलं. तिसऱ्याला अडला. "थांब, यावर एक भारी व्हिडिओ आला होता," म्हणत त्याने गर्दीतच मोबाइल काढला. व्हिडिओ सापडला, दोघेही पोटभर हसले. पण तो बडग्या कशावर होता, ते त्या व्हिडिओतही नव्हतं.

तो प्रसंग मी विसरू शकले नाही. बडग्या पाहून हसायचं तर त्यामागची बातमी आधी ठाऊक असावी लागते. लोक वर्षभर पेपर वाचत, पानठेल्यावर चर्चा करत, आणि मग पोळ्याला त्या सगळ्याची थट्टा रस्त्यावर येई. आता बऱ्याच जणांपर्यंत थट्टा आधी पोहोचते. बातमी मागून येते, किंवा येतच नाही. सिनेमा, वेब सिरीज, स्टँडअप, रील्स, मीम्स यांतूनच जगात काय चाललंय ते कळतं. हे असं कळणं म्हणजे नेमकं काय होतं, त्यात हाती काय लागतं आणि काय निसटतं, ते इथे समजावून सांगायचा प्रयत्न करते.

मी एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना चालू घडामोडी शिकवते. एखादा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, हे तं मले माहीत आहे, सिरीजमध्ये पाहिलं ना मी." मी विचारते, हे कोणत्या वर्षी झालं? पुढे निकाल काय लागला? मुलं थांबतात. त्यांना विषयाचा राग आठवतो, चेहरे आठवतात, एखादा संवाद तर शब्दशः पाठ असतो. ही मुलं आळशी नाहीत, दिवसाला दहा-दहा तास बसतात. त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही.

मुळात करमणुकीतून जगाची खबर मिळणं ही आपल्याकडे जुनी रीत आहे. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून लोकांना प्रश्न विचारत. त्या प्रश्नोत्तरांतून कर्ज, दारू, अस्वच्छता, शिक्षण असे रोजच्या जगण्याचे विषय खेड्यातल्या माणसापर्यंत पोहोचले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने स्वातंत्र्य चळवळीच्या काळात तेच केलं. आंबेडकरी जलशांनी महाडचा १९२७ चा सत्याग्रह आणि नाशिकचा काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह अशा वस्त्यांमध्ये नेला, जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हतं आणि पोहोचलं तरी वाचणारा नव्हता. इकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघालं की रात्रभर नाटकं चालतात, आणि त्यांत गावातल्या ताज्या गोष्टी नटाच्या तोंडी सहज येतात. ज्यांना पेपर वाचणं परवडत नव्हतं त्यांना या सगळ्याने माणूस म्हणून जगाशी जोडलं. म्हणून 'करमणुकीतून काय कळणार' असं कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं.

अभ्यासकांनीही हा प्रश्न बराच उलटसुलट पाहिला आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. माहिती मिळवायला वेळ आणि कष्ट लागतात. लाखो मतांत आपलं मत एक. मग सामान्य माणूस त्यासाठी फार खटपट का करेल? तो तीच माहिती घेतो जी दुसरं काही करताना आपोआप पदरात पडते. भाजी घ्यायला गेल्यावर शेजारणीकडून कळावं की उद्या पाणी येणार नाही, तसं.

हाच धागा पुढे मॅथ्यू बॉम या राज्यशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास वाढवला. ज्यांना राजकारणात रस नाही अशा अमेरिकन प्रेक्षकांपर्यंत युद्धाच्या बातम्या दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमांतून पोहोचत होत्या, कारण युद्धात माणसांच्या गोष्टी असतात आणि अशा कार्यक्रमांना त्याच हव्या असतात. त्याच वर्षी मार्कस प्रायर या दुसऱ्या अभ्यासकाने त्यावर बोट ठेवलं. असे कार्यक्रम आवडणाऱ्यांना घटनांचे तपशील जास्त माहीत असतात, याचा त्याला फारसा पुरावा सापडला नाही.

मला दोघंही बरोबर वाटतात. कान टवकारले जाणं वेगळं आणि कळणं वेगळं. करमणूक पहिलं काम उत्तम करते. 'असं काहीतरी चाललंय' हे डोक्यात शिरतं आणि पुढच्या वेळी तो विषय कानावर पडला की माणूस थबकतो. माझ्या वर्गात ज्यांनी एखाद्या खटल्यावरची सिरीज पाहिलेली असते, ती मुलं त्या कायद्याचं कलम बाकीच्यांपेक्षा लवकर समजतात. फक्त त्यांना ते कलम कुणीतरी शिकवावं लागतं. सिरीजने ते शिकवलेलं नसतं.

असं का होतं, हे समजायला आपली आठवण कशी चालते ते पाहावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना युद्धाविषयीचे चित्रपट दाखवत. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपट पाहिलेल्यांपैकी काही सैनिकांची मतं पाच दिवसांनी तपासली आणि काहींची नऊ आठवड्यांनी. काही मतांच्या बाबतीत नऊ आठवड्यांनंतरचा बदल जास्त निघाला. वेळ गेला तसा परिणाम ओसरायला हवा होता, तो वाढला होता. हे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सुचवलेलं एक कारण असं, की माणूस कुठून ऐकलं ते आधी विसरतो आणि काय ऐकलं ते मागे उरतं. पुढे यावर बराच वाद झाला आणि हा परिणाम प्रत्येक वेळी दिसतोच असंही नाही. पण 'कुठेतरी वाचलंय' म्हणून आपण जे ठासून सांगतो, ते खरंच वाचलेलं असतं की फॉरवर्डमध्ये पाहिलेलं, हे आठवून पाहा. मला स्वतःला पुष्कळदा आठवत नाही.

दुसरा प्रयोग २००९ चा आहे आणि तो मी दर वर्षी वर्गात सांगते. अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना इतिहासातल्या घटनांवरचे अचूक उतारे वाचायला दिले आणि त्याच घटनांवरच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. चित्रपटाने जे बरोबर दाखवलं होतं ते विद्यार्थ्यांच्या लक्षात नुसत्या वाचनापेक्षा बरंच चांगलं राहिलं. जे चूक दाखवलं होतं, तेही राहिलं! उताऱ्यात खरं काय ते छापलेलं होतं, तरी काही प्रश्नांत निम्म्यापर्यंत मुलांनी चित्रपटातली चूकच उत्तर म्हणून लिहिली, आणि ती खात्रीने लिहिली. काहींना आधीच बजावलं होतं की चित्रपटात चुका असू शकतात. त्याचा जवळपास उपयोग झाला नाही. ज्यांना नेमकं सांगितलं की 'या प्रसंगात अमुक एक गोष्ट बदलली आहे', त्यांच्या चुका मात्र खूप कमी झाल्या.

आता सिनेमाच्या सुरुवातीला येणारी ती पाटी आठवा. 'सत्य घटनांवर आधारित, काही प्रसंग व पात्रे काल्पनिक.' ही नेमकी त्या पहिल्या प्रकारची सूचना झाली, मोघम, कोणत्या प्रसंगाबद्दल ते न सांगणारी. निर्मात्याची कायदेशीर सोय होते. प्रेक्षकाच्या डोक्यात खरं आणि रचलेलं वेगळं करायला ती पाटी काहीही मदत करत नाही. सिनेमा पाहून आल्यावर 'यात काय बदललंय' एवढं नेमकं शोधायला दहा मिनिटं दिली, तर मोघम पाटीने जे होत नाही ते होतं. मुलांना हे पटतं, कारण परीक्षेत गुण कुठे गेले ते त्यांना दिसतं.

प्रेक्षक मनाने काय घेऊन जाईल, हे निर्मात्याच्याही हातात नसतं. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. करमणुकीतून समाजशिक्षण द्यायचं, कुटुंब नियोजन आणि स्त्रियांची स्थिती यांवर बोलायचं, असं तिच्यामागचं धोरण होतं. दर भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्या दिवशीच्या गोष्टीतून काय घ्यायचं ते सांगत. १५६ भाग झाले, प्रेक्षकांची चार लाखांवर पत्रं आली. त्यातली भागवंती, म्हणजे सगळं मुकाट सोसणारी आई, 'असं राहू नका' हे दाखवायला उभी केली होती. पाहणी झाली तेव्हा अनेक प्रेक्षकांना, त्यांत पुष्कळ स्त्रियांनाही, तीच आदर्श वाटलेली निघाली. अशोक कुमारांसारखा माणूस समजावून सांगत असताना हे झालं.

थट्टेचंही तसंच आहे. अमेरिकेत स्टीफन कोल्बेर हा विनोदवीर एका कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन कार्यक्रम करायचा. २००९ च्या एका अभ्यासात डाव्या आणि उजव्या दोन्ही विचारांच्या प्रेक्षकांना तो सारखाच विनोदी वाटला. पण उजव्या विचारांच्या प्रेक्षकांपैकी अनेकांचा समज होता की हा थट्टेचा नुसता आव आणतो, बोलतो ते मनापासूनच. एकच विनोद, दोन अर्थ, आणि दोघेही आपापल्या जागी समाधानी. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच व्यंगचित्राला काका आणि भाचा दोघंही अंगठा दाखवतात, तेव्हा ते एकाच गोष्टीवर हसत असतील असं धरून चालू नये.

याच कोल्बेरचं दुसरं उदाहरण मात्र मला फार आशादायक वाटतं. २०११ मध्ये त्याने निवडणुकीत अमर्याद पैसा ओतता येणारी 'सुपर पॅक' नावाची संस्था खरोखरच काढली. एका वकिलाला कार्यक्रमात बोलावून अर्ज कसा भरायचा, देणगी कुणाकडून घेता येते, नाव कसं लपवता येतं, हे सगळं महिनोन्‌महिने पायरीपायरीने करून दाखवलं. तो वकील निवडणूक आयोगाचा माजी अध्यक्ष होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर तपासलं तेव्हा निवडणूक निधीचे नियम त्याच्या प्रेक्षकांना नेहमीच्या बातम्या पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कळलेले आढळले. याचं श्रेय विनोदाइतकंच चिकाटीला आहे, असं मला वाटतं. एकाच विषयावर इतका काळ ठिय्या देणं, तेही प्रक्रियेवर, हे संध्याकाळच्या बातम्यांना जमत नाही. तीस सेकंदांच्या रीलला तर ते शक्यच नाही.

करमणुकीची ताकद कुठवर जाते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथल्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या हिशेबात पैसे कमी दिसत, आणि पोस्ट खातं तो तुटवडा शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या गळ्यात घाली. २०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोकांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली, काहींनी जीव दिला. दोष यंत्राचा होता. 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने २००९ मध्येच सात जणांच्या कहाण्या छापल्या होत्या. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं म्हटलं. २०२१ मध्ये एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. एवढं होऊनही देश म्हणावा तसा हलला नाही.

मग १ जानेवारी २०२४ पासून चार रात्री आयटीव्ही वाहिनीने त्यावरची मालिका दाखवली. आठवडाभरात रस्त्यावरचा माणूस त्यावर बोलू लागला. पोस्टाच्या माजी मुख्याधिकारी बाईंचा सन्मान काढून घ्या या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या आणि त्यांनी तो परत करत असल्याचं जाहीर केलं. १० जानेवारीला पंतप्रधानांनी सर्वांना एकदम निर्दोष ठरवणाऱ्या कायद्याची घोषणा केली, आणि मे महिन्यात तो मंजूरही झाला. जे पंधरा वर्षांच्या बातम्यांनी झालं नाही ते चार रात्रींच्या नाटकाने झालं.

ही गोष्ट सांगितली की वर्गात कुणीतरी म्हणतं, मग पेपरची गरजच काय? मी त्यांना मालिका ज्या मालावर उभी होती तो दाखवते. २००९ चे ते लेख, त्यानंतर वर्षानुवर्षं खटल्यांना जाऊन बसणारे एक-दोन पत्रकार, न्यायालयाची कागदपत्रं, तेव्हा चालू असलेली सार्वजनिक चौकशी. यातलं काहीच नसतं तर लेखकाकडे लिहायला काय होतं? नाटकाने लोकांना रडवलं आणि ते फार मोठं काम आहे. पण कोणाला काय माहीत होतं आणि कधी माहीत होतं, हे चौकशीच्या कंटाळवाण्या पानांतूनच बाहेर येत गेलं. तो कंटाळा कुणीतरी सोसला म्हणून मालिकेला गोष्ट मिळाली.

आता आपल्या गावात येऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपर्यंत नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर भागात लोक अंधारात पलंगावर उभे होते. माणसं दगावली. सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर तरंगणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ होते, आणि दुपारपर्यंत त्यांना गाणी चिकटवलेली होती. चार दिवस तेच पाहिलं आपण. मीही पाहिलं.

मग विषय संपला, निदान मोबाइलवर. खरा प्रश्न तिथून सुरू होत होता. तलावाचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या जागेसमोर काय बांधलं आहे? पुलाखालून किती पाणी जाऊ शकतं? नदीचं पात्र कुठे कुठे अरुंद झालं? हे प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करून विचारले. सांडव्यासमोरच्या स्मारकाचा मुद्दा तिथेच निघाला. त्या सुनावण्यांच्या बातम्या शहराच्या पेपरांत आतल्या पानांवर येत राहिल्या. त्यांच्यावर रील झालेलं मला दिसलं नाही. कसं होणार? प्रतिज्ञापत्र तरंगत नाही. पण पुढच्या वेळी पाणी कोणत्या उंबरठ्यावरून आत येईल, हे त्या प्रतिज्ञापत्रांत आहे.

गोष्टीला माणूस लागतो, खलनायक लागतो, शेवट लागतो. ज्या घडामोडीत हे तिन्ही आहे ती करमणुकीत शिरते. खून, घोटाळा, युद्ध, लग्न, क्रिकेट लगेच आत. पाणीपट्टी, प्रभागरचना, पीकविम्याचे निकष बाहेर. विदर्भातल्या शेतकऱ्याचं दुःख सिनेमात येतं, झाडाला बांधलेल्या दोरासकट येतं. कापसाचा हमीभाव कसा ठरतो आणि खरेदी केंद्र उशिरा उघडलं की काय होतं, ते येत नाही. दोर पाहून आपण हळहळतो. त्या शेतकऱ्याला मात्र आपल्या हळहळीपेक्षा खरेदी केंद्राच्या तारखेबद्दल विचारणारा शेजारी जास्त उपयोगाचा.

हिवाळी अधिवेशनाचंही तेच. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सरकार इथे येतं. त्या दिवसांत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडतात, बर्डीवरची रहदारी कोलमडते, आणि मोबाइलवर आमदारांच्या कोट्या, शेरोशायरी, पायऱ्यांवरची फलकबाजी यांचा पूर येतो. मी मुलांना विचारते, पुरवणी मागण्या किती कोटींच्या होत्या? अर्थसंकल्पात धरलेल्या पैशापेक्षा जास्तीचा खर्च सरकार सभागृहाकडे मागतं, त्या म्हणजे पुरवणी मागण्या. अधिवेशनातला सगळ्यात मोठा पैशाचा निर्णय बहुधा तोच असतो. त्याची क्लिप व्हायरल झालेली मला आठवत नाही. तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधी सूचना यांत आपल्या तालुक्याचं काहीतरी निघतंच. ते सगळं छापलेलं असतं, कुणालाही वाचता येतं.

लोक बातम्यांपासून दूर का गेले, हेही मान्य करायला हवं. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने अनेक देशांत केलेल्या २०२४ च्या पाहणीत ३९ टक्के लोकांनी सांगितलं की ते कधीकधी किंवा बरेचदा बातम्या मुद्दाम टाळतात. २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. माझी मावशी त्यांतलीच. संध्याकाळी सात वाजता चॅनेल लावलं की आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडतात. "डोकं दुखते वं माझं," म्हणते, आणि मालिका लावते. तिचं काय चुकलं? बातम्यांनीच करमणुकीचं सोंग घेतलं, तेही वाईट जमलं, तर माणूस सरळ चांगली करमणूक निवडणार.

मावशीपेक्षा मला दुसऱ्या एका समजुतीची जास्त काळजी वाटते. 'महत्त्वाचं असेल तर कळेलच की, कुणीतरी पाठवेलच.' होमेरो गिल दे झुनिगा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या समजुतीचा अभ्यास मांडला. बातमी आपल्याला शोधत येईल असं मानणाऱ्या लोकांना राजकारणाची माहिती कालांतराने इतरांपेक्षा कमी असल्याचं त्यांना आढळलं. सारखं काहीतरी नजरेखालून जात असतं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं. फोनवर काय दाखवायचं हे ठरवणारी यंत्रणा, तुम्ही कशावर थांबलात ते मोजते. तुमच्या वॉर्डात पाणी कधी येणार नाही, ते तिच्या मोजमापात कुठेच नाही.

म्हणून वर्गात आम्ही एक सवय लावून घेतली आहे. सिरीज पाहा, रील पाहा, हसा, रडा. मी कुणालाही थांबवत नाही, मी स्वतःही पाहते. फक्त त्यानंतर वहीत त्या विषयाची तारीख लिहायची, आणि तारखेनंतर काय झालं ते लिहायचं. एवढंच. तारीख शोधायला गेलं की जुना व्हिडिओ नव्याने फिरतोय का ते आपोआप उघडं पडतं. आणि 'पुढे काय झालं' शोधायला गेलं की माणूस बातमीत शिरतोच, कारण पुढचं बहुधा गोष्टीत नसतं. सिरीज निकालाच्या रात्री संपते, अपील दोन वर्षं चालतं. दोन ओळींची नोंद. सुरुवातीला मुलं कुरकुरली. आता काही जणांच्या वह्या इतक्या भरल्या आहेत की मीच त्यांच्याकडून उसन्या घेते.

गेल्या पोळ्यानंतर आम्ही सहा-सात जण वह्या घेऊनच इतवारीत गेलो. प्रत्येक बडग्याला थांबून लिहायचं, ही कोणती बातमी, कधीची. बहुतेक जमले. एक अडला. मोडक्या रस्त्याचा होता, पण कोणत्या रस्त्याचा ते कुणालाच ओळखू येईना. मोबाइल काढायच्या आधी एक मुलगी थेट बडग्या वाहणाऱ्या म्हाताऱ्या काकांकडे गेली. ढोलांच्या आवाजात तिने ओरडून विचारलं, "काका, हा कोणत्या रस्त्याचा जी?"

काकांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. घामाने ओलं झालेलं, जूनमधलं, आतल्या पानावरचं. "याच्यावरूनच बनवला," ते म्हणाले. "वाच, अन् मले वापस आणून दे."

कात्रणात रस्त्याचं नाव होतं, कंत्राटाची रक्कम होती आणि काम पूर्ण करायची मुदत होती. पाटीवर यांतलं काहीच नव्हतं. तिने एका दुकानाच्या पायरीवर बसून तिन्ही गोष्टी वहीत उतरवल्या, आणि कात्रण परत द्यायला गर्दीत धावली.